अन्न पोहोचले, बाळ वाढले का?

अभ्यासपाठ
वाचनासाठी शास्त्रभाग: दानीएल १:८-१६, मार्क ६:३५-४४, लूक १५:३-७



कापणीच्या सणाला मंडळीत ज्वारी, तूर, शेंगदाणे, गूळ येतो. कोणी लेकराच्या वाढदिवसाची देणगी देतो, कोठे महिला मंडळ लाडू वळून देते. आदिवासी पाड्यांवरील कुपोषित बालकांसाठी हे अन्न जाते, आणि पुढच्या सभेत एक प्रश्न हमखास विचारला जातो : "किती मुलांना आहार दिला?" आकडा वाचला जातो, देवाचे उपकार मानले जातात आणि विषय संपतो. या पाठात आपल्याला त्याच्या पुढचा प्रश्न अभ्यासायचा आहे. त्या आहाराने बाळ वाढले का? आणि ते वाढले हे आपल्याला कशावरून कळले?

हा प्रश्न अविश्वासाचा नाही. नवी पेठेत लेकरासाठी कपडा घेताना आपण तो अंगाला लावून पाहतो. दुकानदारावर संशय असतो म्हणून पाहत नाही. कपडा लेकराला बसावा म्हणून पाहतो. पाड्यावरच्या बाळाला दिलेल्या घासाचेही असेच माप पाहायला हवे.

१. दानीएलाची दहा दिवसांची परीक्षा

दानीएलाच्या पहिल्या अध्यायातील गोष्ट आपल्या परिचयाची आहे. राजाच्या ताटातील अन्नाने विटाळ होऊ नये म्हणून दानीएल व त्याचे तीन सोबती शाकभाजी आणि पाणी मागतात. वरच्या अधिकाऱ्याला भीती वाटते, कारण मुले रोडावली तर राजा त्याला जबाबदार धरील. तेव्हा दानीएल कारभाऱ्याला एक परीक्षा सुचवतो. या भागावर आपण श्रद्धा आणि निष्ठा या विषयांवर पुष्कळ उपदेश ऐकतो. आज त्या परीक्षेची मांडणी पाहू.

तिच्यात चार गोष्टी आहेत. मुदत आधीच ठरली : दहा दिवस. काय पाहायचे तेही आधीच ठरले : चेहऱ्यावरची कांती आणि अंगाची स्थिती. तुलना कोणाशी करायची हे ठरले : राजाचे अन्न खाणाऱ्या इतर तरुणांशी. आणि निकाल देणारा कोण? स्वतः दानीएल नव्हे, तर ज्याला चुकीच्या निकालाची किंमत मोजावी लागली असती तो कारभारी.

आजही आहारयोजनेचे मूल्यमापन याच चार पायांवर उभे राहते. यातला एक पाय जरी काढला तरी अहवाल सुंदर दिसतो, पण बाळाविषयी काहीच सांगत नाही.

२. घरी गेलेला डबा कोणाच्या पोटात जातो?

आपल्या देशात २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. अंगणवाडी आपल्या सर्वांना माहीत आहे. सहा महिने ते सहा वर्षांच्या बालकाला दिवसाला ५०० कॅलरी व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, आणि तीव्र कुपोषित बालकाला ८०० कॅलरी व २० ते २५ ग्रॅम प्रथिने असे पूरक आहाराचे माप २००९ साली ठरवले गेले होते. तीन ते सहा वर्षांची मुले अंगणवाडीत बसून गरम आहार घेतात. तीन वर्षांखालच्या बाळाचा आहार मात्र पाकिटातून घरी जातो.

पाकीट घरी गेल्यावर काय होते? जगभरातील अशा योजनांचे जे अभ्यास झाले, त्यांपैकी ३२ अभ्यासांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केला. आहार घरी दिला तेव्हा त्यातील उष्मांकांपैकी सरासरी ३६ टक्केच बाळाच्या वाट्याला जास्तीचे म्हणून आले. पाळणाघरात किंवा आहार केंद्रात, कोणी समोर बसून भरवले, तेथे हेच प्रमाण ८५ टक्के होते.

हे वाचून आईला दोष देऊ नये. घरात एकच पातेले, आणि भोवती चार लेकरे. धाकट्याच्या नावाने आलेला लाडू ती एकट्या धाकट्याला कसा देईल? ती तो वाटते, आणि तिच्या जागी आपणही वाटला असता. कधी बाळाला लाडू मिळतो, पण दुपारची भाकर कमी होते. मग पोटात पडणारे अन्न होते तेवढेच राहते. म्हणून योजना आखणाऱ्याने पातेल्याचा हिशेब आधी करायला हवा. भावंडांसाठीही थोडे द्यावे, किंवा बाळाला केंद्रात भरवावे.

छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ 'जन स्वास्थ्य सहयोग' या संस्थेने 'फुलवारी' नावाची पाळणाघरे गावागावांत चालवली. आई शेतात वा जंगलात कामाला गेली असता सहा महिने ते तीन वर्षांची बाळे तेथे दिवसभर राहतात आणि गावातलीच बाई त्यांना भरवते. इतक्या लहान बाळाचे पोट मुठीएवढे. त्याला दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे लागते. एकदा दिलेला मोठा डबा ही गरज भागवत नाही.

३. फसवणारे आकडे

आता मुख्य भागाकडे येऊ. कोणीही खोटे लिहिलेले नाही, वजनकाटा बरोबर आहे, तरीही निष्कर्ष चुकतो, असे चार प्रकारे घडते.

पहिला प्रकार ऋतूचा. आषाढ-श्रावणात घरातले धान्य संपत आलेले असते, हगवण व ताप वाढलेला असतो, आई दिवसभर लावणीवर असते. संक्रांतीला नवे धान्य घरात असते. श्रावणात वजन घेऊन आहार सुरू केला आणि संक्रांतीला पुन्हा वजन केले, तर आहार न देताही बहुतेक बाळे सुधारलेली दिसतील. म्हणून तुलना त्याच महिन्याशी करावी : या श्रावणाची गेल्या श्रावणाशी.

दुसरा प्रकार निवडीचा. आपण पाड्यावरची सर्वांत रोड बाळे निवडतो, आणि तेच योग्य आहे. पण त्यांतली काही त्या आठवड्यात जुलाबाने उतरलेली असतात. दुखणे गेले की ती आपोआप थोडी भरतात. ते सगळे श्रेय लाडवाला देता येत नाही. शिवाय बाळाचे वजन वयाबरोबर वाढतेच. "तीन महिन्यांत वजन वाढले" एवढ्याने काही सिद्ध होत नाही. वयाच्या व उंचीच्या मानाने किती वाढले, हे वाढीच्या तक्त्यावर पाहावे लागते.

तिसरा प्रकार श्रेयाचा. महाराष्ट्रात २००५-०६ मध्ये दोन वर्षांखालील ३९ टक्के बालके वयाच्या मानाने ठेंगणी होती. २०१२ च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात हे प्रमाण सुमारे २३ टक्के आढळले. मोठी आनंदाची गोष्ट! पण त्या काळात अंगणवाडीबरोबर आईचे शिक्षण, लग्नाचे वय, दवाखान्यातली बाळंतपणे अशा अनेक गोष्टी बदलत होत्या. कोणा एकाने "हे आमच्यामुळे" म्हणणे धाडसाचे ठरेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ साली ३५.२ टक्के हा आकडा आला, तोही २३ शी ताडून पाहता येत नाही, कारण तो पाच वर्षांखालील सर्व बालकांचा आहे. वय वेगळे असले की आकडे शेजारी मांडू नयेत.

चौथा प्रकार सर्वांत गंभीर आहे. तो नसलेल्या बाळाचा. एक साधे गणित करून पाहा. समजा, एका पाड्यावर पाच बाळे आहेत. त्यांची वजने ६, ७, ८, ८ आणि ९ किलो. बेरीज ३८, सरासरी ७.६ किलो. तीन महिन्यांनी पुन्हा वजन केले. एकाही बाळाचे वजन एक ग्रॅमनेही वाढलेले नाही. पण सहा किलोचे बाळ आता यादीत नाही; ते दगावले, किंवा आईबापाबरोबर वीटभट्टीवर गेले. उरलेल्या चौघांची बेरीज ३२, सरासरी ८ किलो. अहवालात लिहिले जाते : "सरासरी वजनात ४०० ग्रॅमची वाढ."

ज्या बाळासाठी ही सारी धडपड होती, त्याच्या जाण्याने आपला अहवाल उजळला. मेंढपाळाने शंभरावे मेंढरू शोधायला जाण्याऐवजी नव्याण्णवांची सरासरी काढत बसावे, तसा हा प्रकार आहे.

महाराष्ट्रात हा धडा मोठी किंमत देऊन शिकला गेला. १९९३ साली मेळघाटातील कोरकू बालकांच्या मृत्यूंनी सारे राज्य हादरले. पुढे २००१ मध्ये डॉ. अभय बंग आणि राज्यातील स्वयंसेवी संस्थांनी मिळून 'कोवळी पानगळ' हा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांनी गावोगाव स्वतः जन्म-मृत्यू नोंदवले आणि सरकारी दप्तरात न आलेले कितीतरी बालमृत्यू उजेडात आणले. आधी प्रत्येक बाळ मोजले, मग उपाय सुचवले.

आपल्याच जिल्ह्याचे पाहा. ऊसतोडीच्या हंगामात बाहेरून आलेली कुटुंबे फडावर राहतात. त्यांच्या बाळांची नोंद अनेकदा गावाकडच्या अंगणवाडीत असते. तिकडे ती 'गैरहजर' आणि इकडे ती कोणाच्याच यादीत नाहीत. सतत जागा बदलावी लागणाऱ्या पारधी कुटुंबांच्या लेकरांचेही तेच होते. आदिवासी कल्याणाचे काम करणाऱ्या मंडळीने हे विसरू नये.

४. आहाराबरोबर आणखी काय?

पंजाबातील नारंगवाल येथे १९६० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. कार्ल टेलर यांनी एक अभ्यास सुरू केला. टेलर हे भारतात जन्मलेले मिशनरी घराण्यातले डॉक्टर. त्यांनी काही गावांत पूरक आहार दिला, काही गावांत औषधोपचार, काही गावांत दोन्ही. आणि काही गावे तुलनेसाठी ठेवली. आहार मिळालेल्या गावांतील मुले तीन वर्षांची होईपर्यंत वजनाने व उंचीने सरस ठरली. औषधोपचाराच्या गावांत आजारपणाचे दिवस कमी झाले. अन्न आणि उपचार एकमेकांची जागा घेत नाहीत, हे त्यातून दिसले. जुलाब होणाऱ्या बाळाला कितीही चारले तरी गळक्या घागरीत पाणी ओतल्यासारखे होते.

आपल्या शेजारच्या जामखेडचे उदाहरण तर घरचेच. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेले दांपत्य १९७० साली जामखेडला आले. त्यांनी गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका केले. त्यांतल्या अनेक दलित समाजातल्या होत्या. अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. पण कोणत्या घरात कोणते बाळ खंगते आहे, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? आहार, पिण्याचे पाणी, लसीकरण आणि आईची समज या सर्व गोष्टी तेथे एकत्र हाताळल्या गेल्या. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

५. किती वाढीची आशा धरावी?

देणगीदार म्हणून आपल्याला हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा. वर सांगितलेल्या आढाव्यात, गरीब व मध्यम देशांतील चाचण्यांत, पूरक आहार मिळालेल्या बालकांचे वजन न मिळालेल्यांपेक्षा सहा महिन्यांत सरासरी १२० ग्रॅम जास्त वाढले. उंची पाव सेंटिमीटरहून किंचित जास्त वाढली. बस, एवढेच!

पुष्कळांना हे वाचून निराशा वाटेल. छायाचित्रात दाखवण्यासारखे यात काही नाही. वरच्या गणितातील खोटी वाढ ४०० ग्रॅमची होती, आणि खरी वाढ तिच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. म्हणूनच खोटी वाढ नेहमी अधिक आकर्षक दिसते. पण ही सरासरी आहे हे ध्यानात ठेवा. दोन वर्षांखालची बाळे, अधिक गरीब घरांतली बाळे आणि समोर बसून भरवलेली बाळे यांना फायदा अधिक झाला. म्हणजे तीच देणगी योग्य वयाच्या, योग्य बाळापर्यंत, योग्य रीतीने गेली तर तिचे फळ वाढते.

आणि या थोड्याचे पुढे काय होते? मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशात १९६९ ते १९७७ या काळात चार खेड्यांत एक अभ्यास झाला. दोन खेड्यांत बालकांना प्रथिनयुक्त पेय दिले, दोन खेड्यांत प्रथिने नसलेले सरबतासारखे पेय. औषधोपचाराची सोय दोन्हीकडे सारखी होती. ती मुले मोठी झाल्यावर संशोधक पुन्हा त्यांच्याकडे गेले. आयुष्याच्या पहिल्या दोन वर्षांत प्रथिनयुक्त पेय मिळालेल्या पुरुषांची ताशी कमाई दुसऱ्या गटापेक्षा सरासरी ४६ टक्क्यांनी जास्त होती. उशिरा, तीन वर्षांनंतर पेय मिळालेल्यांना हा लाभ दिसला नाही. बाळाच्या पहिल्या हजार दिवसांना, म्हणजे गर्भारपणापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या काळाला, इतके महत्त्व का दिले जाते ते यावरून कळेल. राज्य शासनाच्या अमृत आहार योजनेत आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण दिले जाते, त्यामागेही हेच कारण आहे.

६. मंडळीने काय विचारावे?

आपण डॉक्टर नाही. पण सेवाकार्याचा अहवाल समोर आला की पुढील गोष्टी कोणालाही विचारता येतील.

१) पाड्यावर पाच वर्षांखालची एकूण बाळे किती, आणि यादीत किती? यादीतल्यांचा नव्हे, एकूण बाळांचा आकडा आधी विचारा.

२) त्यांतली सहा महिने ते दोन वर्षांची किती? वितरणाच्या रांगेत मोठी मुले सहज येतात. तान्ह्यांना कोणीतरी आणावे लागते.

३) बाळाने प्रत्यक्ष किती दिवस खाल्ले? पोती किती गेली हे गोदामाचे उत्तर आहे.

४) वजनाबरोबर उंची व दंडाचा घेर घेतला का? सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर ते तीव्र कुपोषित समजावे. दोन्ही पायांवर सूज असेल तरीही. सुजलेल्या बाळाचे वजन उपचारानंतर आधी उतरते, कारण सूज ओसरते. ते वजन घटणे चांगले लक्षण आहे.

५) मागच्या वेळी होती आणि आज नाहीत ती बाळे कोठे आहेत? प्रत्येकाचे उत्तर लिहिलेले असावे : स्थलांतर, आजार, मृत्यू. रिकामी जागा चालणार नाही.

६) तुलना कोणाशी केली? येथे एक नैतिक पेच येतो. तुलनेसाठी भुकेल्या बाळाला उपाशी ठेवता येत नाही. पण पैशाअभावी जेथे काम पुढच्या वर्षी सुरू होणार आहे, त्या पाड्यावरही आज वजने घेता येतात. तेथे तीव्र कुपोषित बाळ आढळले तर यादीची वाट न पाहता त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात पोहोचवावे. मापाच्या आधी जीव.

७) वजन कोणी घेतले? आहार वाटणाऱ्यानेच यशही ठरवले तर त्याच्यावर नाहक ओझे पडते. अधूनमधून दुसऱ्याने, अंगणवाडीताई किंवा आरोग्यसेविकेबरोबर, पुन्हा मापे घ्यावीत.

देणाऱ्यांसाठी दोन सूचना. सहा महिन्यांखालील बाळाला केवळ आईचे दूध. त्याच्या नावाने काही पाठवू नये, आईसाठी पाठवावे. दुधाच्या भुकटीचे डबे व बाटल्या तर मुळीच देऊ नयेत. १९९२ च्या कायद्याने त्यांच्या मोफत वाटपावर निर्बंध आहेत, आणि अस्वच्छ पाण्यात कालवलेली भुकटी बाळाच्या जिवावर बेतते. दुसरे, शेंगदाणे अख्खे न देता कूट करून द्यावे. लहान बाळाच्या घशात दाणा अडकतो.

शेवटी एक गोष्ट आपणा देणाऱ्यांविषयी. कार्यकर्ते आकडे का फुगवतात? पुष्कळदा आपण तेच ऐकू इच्छितो म्हणून. "या वर्षी बारा बाळांपैकी पाच सुधारली, चार तशीच आहेत, दोन कामाच्या गावी गेली आणि एक दगावले," असा अहवाल आला तर आपण काय करू? पुढची देणगी थांबवू, की त्या कार्यकर्त्याच्या पाठीशी उभे राहू? खरा अहवाल लिहिणारी सेवा हवी असेल, तर खरा अहवाल सोसणारी मंडळी आधी हवी.

पाच हजारांच्या भोजनाच्या वेळी प्रभूने लोकांना पन्नास-पन्नास व शंभर-शंभर अशा पंक्तींनी बसवले. पंक्ती असल्या की कोणाच्या हातात भाकर आली नाही हे दिसते. जेवण झाल्यावर उरलेले तुकडेही गोळा झाले, आणि टोपल्या मोजल्या गेल्या. देवाच्या विपुलतेच्या कार्यातही मोजणी होती. आपल्याकडे तर भाकरी थोड्या आहेत.

चर्चेसाठी प्रश्न

१) दानीएलाच्या परीक्षेतील चार गोष्टींपैकी आपल्या मंडळीच्या कोणत्या सेवाकार्यात कोणती गोष्ट आढळत नाही?

२) आईने बाळाचा आहार भावंडांत वाटला, तर तो आहार 'वाया गेला' असे म्हणावे का? योजनेत काय बदलता येईल?

३) आपल्या परिसरात, फडावर किंवा वस्तीवर, कोणत्याच यादीत नसलेली बाळे आहेत का? त्यांची माहिती अंगणवाडीपर्यंत कोण पोहोचवील?

४) अपेक्षेपेक्षा कमी यशाचा पण खरा अहवाल आला, तर तो मंडळीसमोर कसा वाचावा?

प्रार्थनेचे विषय

पाड्यांवरील तान्ह्या बाळांसाठी व त्यांच्या मातांसाठी. ऊन-पावसात वजनकाटा घेऊन फिरणाऱ्या अंगणवाडीताई, आशाताई व सेवाकार्यातील बंधुभगिनींसाठी. ज्या घरांत यंदा पाळणा रिकामा झाला, त्या घरांसाठी. आणि आपल्यासाठी : सत्य ऐकण्याचे धैर्य व ऐकल्यावरही देत राहण्याचे मन मिळावे म्हणून. आमेन.